शेवटच्या घरातला सिग्नल

सोमवारी सकाळी साडेदहाला माझा उजवा हात सहा डॉक्टरांच्या देखत तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा थडथडत होता, आणि ते सहाही जण खूश होते.

"प्रतिसाद आहे," डॉ. देवस्थळी म्हणाले. ते प्रमुख सर्जन. माझ्या मानेत तार त्यांनीच बसवली होती. "अॅम्प्लिफायर आणखी एक पायरी वाढवू या." मग ते माझ्या बायकोकडे वळले. "यांना झोप लागते का?"

"लागते की," राजश्री म्हणाली.

मी तिथंच, त्याच पलंगावर बसलो होतो. हातही माझाच होता. पण चार महिन्यांत मला सरळ विचारायची कुणाला सवयच राहिली नव्हती.

"ह्यो प्रतिसाद न्हाई, साहेब," मी म्हणालो. "हात मी हलवत न्हाई. ही खरखर हाय."

देवस्थळींनी लहान पोराच्या चित्राला डोलावतात तशी मान डोलावली आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. एकटी ऋजुता चांदोरकर मागं राहिली. ही चौतिशीची मुलगी नावापुढं डॉक्टर लावत असली तरी इंजिनिअर होती, आणि माझ्या अंगातली तार तिच्या प्रयोगशाळेत जन्मलेली होती. तिनं स्टूल ओढलं आणि थेट माझ्याकडे बघत विचारलं, "खरखर म्हणजे काय, काका?"

तिथून सगळं सुरू झालं.

माझं नाव नागनाथ बारबोले, गाव बार्शी. दोन हजार एक सालापासून त्रेचाळीस सालापर्यंत मी एकच काम केलं, तारा जोडल्या. आधी टीव्हीच्या केबलच्या, मग इंटरनेटच्या काचतारेच्या. दुकान बार्शीतच, हाताखाली कामाला दोन-तीन पोरं. आता तारा टाकायला ड्रोन आले आहेत, पण सांधा अजून माणसाच्याच हातचा लागतो, आणि सांध्यासाठी मला करमाळ्यापासून तुळजापूरपर्यंत बोलावणं यायचं. हे सांगतो ती बढाई आहे, पण खोटी नाही.

सोळा महिन्यांपूर्वी खांबावरून पाय सटकला. पडता पडता उजव्या हातानं वरचा कंस पकडला. जीव वाचला, पण सगळं वजन एका हातावर आलं आणि खांद्याशी हाताच्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या. हात जागच्या जागी राहिला, पण माझा राहिला नाही. मनात म्हणायचो, "मूठ मीट," आणि तो हुकूम खांद्यापाशी येऊन खड्ड्यात पडायचा. हाताकडून वरही काही यायचं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरात बोलत उभा असताना तो हात शेगडीवर टेकला. मला काहीच कळलं नाही. वास राजश्रीला आला.

ऋजुताची मज्जातार या खड्ड्यावरचा पूल होती. तांब्याच्या तारेत विजेचे कण धावतात, आणि आपल्या नसांत क्षारांचे भारित कण इकडून तिकडे होतात. दोघांची भाषा वेगळी, म्हणून नसेला तार जोडली की मध्ये दुभाष्या यंत्र लागायचं, त्याला बॅटरी लागायची, आणि काही वर्षांत नस त्या यंत्राला कंटाळून भोवती जाड कातडं धरायची. ऋजुताच्या चमूनं असा धागा शोधला की त्याला दोन्ही भाषा येतात. नस त्याला सोयरा समजते आणि आठ-दहा आठवड्यांत त्याला घट्ट धरते. बॅटरी नाही, यंत्र नाही. मानेतून निघालेला हुकूम याच धाग्यानं बोटांकडे जातो आणि बोटांना लागलेलं याच धाग्यानं वर येतं.

फक्त एक गोष्ट. बॅटरी नाही म्हणजे वरकड ताकदही नाही. शरीर जेवढा सिग्नल देतं तेवढाच. तो वाटेत सांडला तर दुसरा कुठून आणणार?

आणि मुदत होती. ज्या स्नायूला हुकूम येत नाही तो साधारण अठरा महिने वाट बघतो, मग त्याचं चरबीत रूपांतर होतं आणि नंतर कितीही चांगली तार आणा, उपयोग नाही. माझे सोळा महिने झाले होते. बाहेरून विजेचे चिमटे देऊन हाताचं मांस कसंबसं राखलं होतं. प्रयोगात आम्ही बारा जण होतो आणि बाराही हात नुसते थडथडत होते. गुरुवारी समितीची शेवटची बैठक होती. तोवर एकाही बोटानं हुकूम ऐकला नाही, तर तारा काढून घ्यायच्या आणि प्रयोग गुंडाळायचा, असं ठरलं होतं. हात गेला तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी सांधे करणारा माणूस. डाव्या हातानं मला साधी गाजराची कोशिंबीर करता येत नाही.

ऋजुताला मी खरखरीचा अर्थ असा सांगितला.

केबलची लाईन डिशपासून निघायची. वाटेत घराघराला फाटा देणारा एक टॅप, वळणावर लाईनीच्या दोन वाटा करणारा स्प्लिटर. शिवाय लोक आपल्या मनानं घालायचे ते निराळे. कुणाला माडीवर दुसरा टीव्ही, कुणाच्या मेहुण्याला चोरून जोड. विचारायला गेलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, "माझ्या एकट्यानं असा काय फरक पडतोय?" तेलगिरणी चौकातल्या लाईनवर शेवटचं घर चिवटे मास्तरांचं होतं. रोज सकाळी सातला मास्तर दारात हजर. चित्र दिसत नाही. नवशिका ऑपरेटर अशा वेळी काय करतो? बूस्टर घालतो. पण बूस्टरला चित्र कुठलं आणि खरखर कुठली ते कळत नाही, तो दोन्ही मोठं करतो. चित्र आधीच मेलेलं असलं की नुसती खरखरच मोठी होऊन घरात येते.

"मी बी दोन वर्षं बूस्टर घालत बसलो," मी म्हणालो. "मग एक दिवस हापिसात बसायचं सोडून मास्तरांच्या घरी जाऊन टीव्हीम्होरं बसलो. तिथून एकेक डबा काढत मागं मागं गेलो. तवापासून आपला नेम हाय, मॅडम. मोजायचं तर शेवटच्या घरात. तुमी माझ्या हाताला बूस्टर लावलाय. शेवटच्या घरात जाऊन कुनी बघितलं का?"

ऋजुताची नजर माझ्या छातीवरच्या पिशवीवर होती.

त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. प्रयोग चालू असेपर्यंत तार सलग आतून नेली नव्हती. मानेकडून आलेला धागा गळ्याच्या हाडाखाली बाहेर काढला होता, आणि हाताकडे जाणारा धागा तिथूनच आत शिरत होता. मधल्या चार बोटांच्या जागेत डबे बसवले होते, काडेपेटीएवढे, एकामागोमाग एक, सात, आणि ते सगळे त्या पिशवीत.

"प्रत्येकाचं प्रमाणपत्र आहे," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक विभागानं आपापला डबा तपासून दिलाय. घट नगण्य, असं लिहिलंय सगळ्यांवर."

"आनि सातांची मिळून?"

"ते कुणाच्या विभागात येत नाही."

हे वाक्य मी सरकारी कचेऱ्यांत शंभरदा ऐकलं होतं. पुण्याच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात ऐकलं तेव्हा मात्र मला हसूच आलं, आणि मग रडूही आलं, कारण चार महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. माझ्याच मनाची ताकद कमी पडते, मलाच नीट हुकूम देता येत नाही, असं वाटायचं. रोज सकाळी उठून त्या मेल्या बोटांकडे बघत मी दातओठ खात बसायचो.

त्याच दुपारी तिनं मोजलं. पद्धत सोपी आहे. मानेकडून ठराविक ताकदीचा सिग्नल सोडायचा आणि मनगटाशी सुई लावून किती पोचला ते बघायचं. मग मधला डबा काढायचा, पुन्हा बघायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या डब्यानं किती खाल्लं. आमच्या धंद्यात त्याला इन्सर्शन लॉस म्हणतात. वाटेत काही घुसवलं की होणारा तोटा. तो डेसिबलमध्ये मोजतात, आणि तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी होते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सहा गेले की पाव. नऊ गेले की दोन आणे.

अॅम्प्लिफायर बंद ठेवून सात डबे सुटे सुटे मोजले तेव्हा बेरीज नऊ डेसिबल भरली. एकत्र मोजले तेव्हा चौदा.

"हे पाच कुठून आले?" ऋजुता मीटरवर टिचक्या मारत म्हणाली.

"परतीचे," मी म्हणालो. "जाड दोराला बारीक दोर बांधून झटका दे. गाठीपाशी निम्मी लाट मागं येती का न्हाई? तसंच हाय. डबा नुसतं खात न्हाई, दारातनं परत बी पाठवतो. आनि सात डब्यांना चौदा दारं."

चौदा डेसिबल म्हणजे पंचवीस भागांतला एक भाग. मी मानेतून पंचवीस म्हणत होतो आणि बोटांना एक ऐकू जात होता. स्नायू हलायला निदान निम्मा सिग्नल तरी हवा. तिनं तो आकडा कागदावर लिहून घेतला. मग म्हणाली, "काका, तुमचा दोष नव्हता." मला एवढं बरं वाटलं की मी तोंड फिरवलं.

वीस मिनिटांपुरते सातही डबे काढून बघायची परवानगी मागायला मंगळवारी दुपारी तिनं मला समितीपुढं नेलं. लांबलचक टेबल, नऊ माणसं, आणि टेबलावर माझ्या छातीवरच्या डब्यांसारखेच सात रिकामे नमुने. मी एकेक उचलायचो आणि विचारायचो, हा कुणाचा?

पहिला देवस्थळींचा, लिमिटर. "जास्तीचा झटका मज्जारज्जूला गेला तर माणूस कायमचा पांगळा होईल," ते म्हणाले. "तो निघणार नाही."

"बराबर," मी म्हणालो. "पर झटका देनार कोन? धाग्यात बॅटरी न्हाई. झटका देऊ शकंल असा एकच डबा हाय लायनीत, तुमचा अॅम्प्लिफायर. तो काढला की लिमिटरनं अडवायचं कुनाला?"

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तापट माणूस, पण अप्रामाणिक नव्हता. "दोन्ही निघतील," ते म्हणाले.

म्हणजे दोन गेले. तिसरा नीतिसमितीचा, रुग्ण म्हणेल तेव्हा तार बंद करायचं बटण. मी म्हणालो, मी म्हणेन तेव्हा सांधा उपटा, त्याहून मोठं बटण कुठलं? तेव्हा कुठं त्यांच्या बाईंनी हट्ट सोडला. चौथा तार विणून देणाऱ्या कंपनीचा पडताळणीचा डबा. त्यांचा माणूस फोनवर चार ठिकाणी बोलला आणि वीस मिनिटांपुरता काढायला तयार झाला. पाचवा उचलला तेव्हा राजश्री खुर्चीतून उठली.

तो तिचा होता. माझ्या हाताला फार गरम, फार गार किंवा फार दाब लागला की तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा. शेगडीच्या प्रकारानंतर तिनं ऋजुताच्या मागं लागून बसवून घेतला होता.

"त्यो न्हाई काढायचा," ती म्हणाली. "ह्यांचा हात जळाला तर मला कसं कळंल?"

"राजश्री, सिग्नल आला तर जळायच्या आधी मलाच कळंल की."

"आनि न्हाई आला तर?"

ती माझ्या त्या हाताकडे बघत राहिली, मग तिनं मनगटावरचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. "वीस मिंटं," ती म्हणाली. "मी बाजूला हुबी ऱ्हानार."

सहावा ऋजुताचा स्वतःचा. नसांतून जाणारा प्रत्येक ठोका नोंदणारा रेकॉर्डर. चार वर्षांचं तिचं काम त्या डब्यात जमा होत होतं, आणि नोंद नसेल तर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी तो हातात घेतला आणि काही न बोलता तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "बोट हललं तर सगळे बघतीलच. नाही हललं तर नोंदून तरी काय करू?" डबा खिशात ठेवताना मात्र तिनं तो दोनदा चाचपला.

आता मला चेव चढला होता. मी उठून उभा राहिलो आणि तिथल्या थोर माणसांना चांगलं भाषण दिलं. म्हणालो, प्रत्येकाला वाटतं माझ्या एकट्यानं काय होतंय, आणि सगळ्यांच्या एकटेपणात चिवटे मास्तरांचा टीव्ही मरतो. मास्तर कोण हे ऋजुतावाचून कुणाला कळलं नाही, तरी दोघांनी माना खाली घातल्या. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बोला, हा सातवा कुनाचा?"

"तुमचा आहे, काका," ऋजुता म्हणाली.

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

खरंच माझा होता. नसा उपटल्या की हातात एक आग लागते. हात काही कळवत नाही, पण त्या आगीची बातमी मात्र तार जोडल्याबरोबर वर येऊ लागली होती. पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर डोकं आपटलं होतं. ऋजुताला म्हटलं होतं, काही कर, एवढं तेवढं गाळून टाक. तिनं गाळणी बसवून दिली आणि मी ती बसवल्याचं विसरूनही गेलो. सातांत सगळ्यात जास्त खाणारा डबा तोच होता.

"आसूं दे की हा एक," मी म्हणालो. "सहा तर काढलेच—"

आणि मी थांबलो. कारण हे वाक्य मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो.

राजश्री माझ्याकडे बघत होती. तिनं नुसती भुवई वर केली. बायकोच्या भुवईपुढं मी आजवर कधी टिकलेलो नाही.

"काढा," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी दहाला वॉर्डातच टेबल मांडलं. बाकीचे अकरा जण आपापल्या पलंगावर उठून बसले. पलीकडच्या पलंगावर इचलकरंजीच्या यंत्रमागावरची शमशाद होती. तिचा डावा हात मागाच्या पट्ट्यात सापडला होता. ती म्हणाली, "चाचा, कर के दिखाओ," आणि डोळे मिटून घेतले.

ऋजुतानं एकेक करत सात डबे काढले. दोन धाग्यांची टोकं क्लिपमध्ये घालून क्लिप बंद केली, आणि आग आली.

तिचं वर्णन करत नाही. राजश्रीनं माझा डावा हात धरला होता आणि नंतर तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते, एवढं सांगतो.

"काका, हुकूम द्या," ऋजुता म्हणाली.

दिला. अंगठा मीट. अंगठा मीट. घामानं सदरा भिजला. काही हललं नाही.

"चाळीस टक्के पोचतंय," ती मीटर बघून म्हणाली. "पन्नास हवेत." देवस्थळी घड्याळाकडे बघत होते. आठ मिनिटं गेली होती.

आगीतही मला त्या क्लिपचा राग आला. डबे काढले तरी एक जाड-बारीक गाठ उरलीच होती. मानेकडचा धागा बारा पदरी, हाताकडचा पाच पदरी. दोघांना तोंडाला तोंड लावून चिमटा मारला, तर सिग्नल त्या उंबरठ्यावर ठेचकाळून परत फिरणारच.

"क्लिप काढ," मी म्हणालो. "उतरती जोड करावी लागंल."

"म्हणजे?"

"पदर मोकळं कर. बाराच्या बारा. आता हातावरच्या पाचांतला एकेक घे, आनि बारांवर लांबलचक निजव. एकदम संपवू नगंस. पयले दोन पदर हितं संपव, म्होरं आनखी दोन, आनखी म्होरं दोन, शेवटला एक. धाग्याला कळूच नये आपन बारीक कवा झालो ते. दोन बोटं लांबी पायजे."

"माझ्याकडे अकरा मिनिटं आहेत."

"मला तीन लागायची. तू चिमटा धर, मी सांगतो."

भिंग तिच्या डोळ्याला, चिमटा तिच्या हातात, आणि हात कुणाचेही असोत, काम माझंच होतं. एरवी मी शिकवताना फार वाईट वागतो, माझ्याकडे कोणी शिकाऊ टिकत नाही. त्या दिवशी तर अंगात आग होती. तिसरा पदर तिनं ओढून निजवला तेव्हा मी ओरडलो, "ओढू नगंस पोरी, त्यो काय नाडा हाय का!" तिनं पदर उचलला, ढिला सोडून पुन्हा निजवला. चौथा बरोबर बसला. पाचवा माझ्यापेक्षा बरा बसला, हे मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. शेवटी तिनं वरून लाळेसारखा चिकट द्राव सोडला आणि चिमटा खाली ठेवला.

मीटरचा आकडा चढला. साठ. पंचाहत्तर. नव्वदच्या जरा पुढं जाऊन थांबला.

"काका."

अंगठा मीट, मी म्हणालो.

आणि करंगळी हलली.

थडथडली नाही. हलली. सावकाश आत वळली, तळव्याला टेकली, आणि मी "सोड" म्हटल्यावर सुटली. पुन्हा म्हटलं, पुन्हा वळली. हुकूम अंगठ्याला होता आणि ऐकला करंगळीनं, कारण उपटलेल्या नसा जोडताना कुठली कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. पत्ता चुकला होता, पण पत्र पोचलं होतं. सोळा महिन्यांनी पोचलं होतं. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला मी सवयीनं उजवा हात उचलायला गेलो, तेव्हा कोपर चार बोटं वर आलं.

वॉर्डात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हातानं टाळी वाजत नाही, आणि तिथं अकरा जणांकडे एकेकच हात होता. त्यांनी पलंगाच्या लोखंडी कडांवर थापा मारायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरून माणसं धावत वर आली.

देवस्थळींनी वीस मिनिटांचं घड्याळ बंद करून खिशात टाकलं. मग ते माझ्यासमोर वाकले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं, "बारबोले, तुम्हाला काय वाटतं, पुढचा कोण घ्यावा?"

"शमशाद," मी म्हणालो. "तिचे पदर मी सांगतो."

संध्याकाळपर्यंत चार जणांचे डबे निघाले. गुरुवारची समितीची बैठक वॉर्डातच भरली, कारण कुणालाच वॉर्ड सोडवेना. कंपनीचा माणूस म्हणाला, निदान एक लहानसा डबा तरी राहू द्या, अगदी नगण्य. नीतिसमितीच्या ज्या बाईंनी परवा बटणासाठी हट्ट धरला होता, त्याच म्हणाल्या, "आधी शमशादच्या बोटाशी मोजून दाखवा, मग बोलू." प्रयोग गुंडाळला नाही. शनिवारपर्यंत बाराच्या बारा जणांचं निदान एक बोट तरी हुकूम ऐकत होतं, आणि ऋजुताकडे नोंद नसली तरी ते बघायला तीन राज्यांतले डॉक्टर जिन्यावर रांग लावून उभे होते.

आग हळूहळू उतरली. ऋजुता म्हणते, खऱ्या बातम्या येऊ लागल्या की मेंदू खोट्या ऐकायचं सोडतो. कुठल्या हुकमाला कुठलं बोट उठतं याचा नवा पाढा मी घोकत होतो. तिसऱ्या आठवड्यात अंगठा माझा झाला. पण स्पर्श म्हणावा असं काही येत नव्हतं. गरम कळायचं, टोचलेलं कळायचं, बाकी सगळं गोधडीतून हात फिरवल्यासारखं.

तेविसाव्या दिवशी राजश्री बार्शीहून सकाळच्या गाडीनं आली. पिशवीतून डबा काढला, शेंगांची पोळी काढली, आणि नेहमीसारखा माझा उजवा हात मांडीवर घेऊन चोळायला बसली. मी खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलत होतो. बोलता बोलता थांबलो.

"काय झालं?" ती म्हणाली.

"थांब. चोळू नगं. नुसता धर."

तिनं धरला. मी अंगठा तिच्या तळव्यावरून फिरवला. खरखरीत होता. बत्तीस वर्षं ओळखीचा हात, पण असा नव्हता. बोटांच्या मुळाशी घट्टे होते. मी तर्जनीपर्यंत गेलो. पेराच्या आतल्या बाजूला, जिथं तार सोलायच्या सुरीची पाठ रुतते, तिथं आडवा, टणक घट्टा. तो घट्टा दुसऱ्या कशानं पडत नाही. पापड लाटून नाही, भांडी घासून नाही. तसाच एक माझ्या डोळ्यांसमोर माझ्या स्वतःच्या बोटावर होता.

"हे काय हाय?" मी विचारलं.

तिनं नजर खिडकीकडे वळवली.

"राजश्री, दुकान पोरं बघायलीत म्हनली हुतीस."

"तुमी हितं आल्यावर दुसऱ्या म्हैन्यातच पोरं गेली," ती म्हणाली. "तुमी आधीच खचला हुता. कशाला सांगायचं? बघून बघून तुमचं सारं ठावं हुतं मला. शिडी न्हाई चढत, ड्रोन हाय त्याला. सांधं मात्र मीच करते."

"किती केलंस?"

"मोजलं न्हाईत. तीनशे झाले असतील." मग जरा खाली बघत, "एक बी तक्रार न्हाई आली अजून."

इथं आल्यापासून मी तिला रोज विचारत होतो, सगळं ठीक ना, आणि ती रोज ठीक म्हणत होती, आणि मला तेवढंच पोचत होतं. मी त्या घट्ट्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. तिच्या बोटावर सुरीचे दोन कापही होते, एक भरलेला, एक ताजा. ताजा कालचाच असावा. सगळं नीट लागत होतं. मला इतका अभिमान वाटला की काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हणालो, "आता कुनाला सांगनार न्हाई म्या, पर बार्शीत माझ्यापेक्षा चांगला सांधेकरी एकच."

"काय तरीच तुमचं," ती म्हणाली, आणि लाजून हात मागं घ्यायला गेली.

पण तो निघेना. माझी पाचही बोटं मिटली होती.